मदत हवी आहे: पिठोरीचं वाण आणि न बोलणारी लेक

मैत्रिणींनो, श्रावण अमावस्येला आई झाल्यावरची माझी पहिलीच पिठोरी (आई मुलांसाठी करते ते व्रत). लहानपणी आई खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरून, मागे न बघता विचारायची, "अतीत कोण?" (म्हणजे अतिथी कोण?) आम्ही भावंडं "मी, मी!" करत पुरीवर तुटून पडायचो. खीर तिच्या केसांत सांडायची, तरी ती हसतच असायची.

माझी लेक सात महिन्यांची. नुसतं "बा-बा" म्हणते (आई राहिली बाजूलाच!). मग तिच्या वतीने उत्तर कोणी द्यायचं? बाबाने दिलं तर चालतं का? पूजेला चौसष्ट योगिनींचं (या व्रताच्या देवतांचं) चित्र नसेल तर सुपाऱ्या मांडता का?

आणि आई बाळंतपणापासून माझ्यासाठी राबतेय. एक वाण तिलाही द्यायचं मनात आहे. कोणी असं केलंय का? साडी सुचवू नका, तिला नको असते.