मदत हवी आहे: घरी लोखंड कापायला पोर्टेबल बँडसॉ घ्यावा का, आणि पातं कोणतं?

गच्चीवाला:
नमस्कार मंडळी. पुण्यात राहतो, वरची गच्ची आमच्याच वाट्याची. तिथं कुंड्यांचे स्टँड आणि वेलीसाठी मांडव करायचा घाट घातलाय. माल म्हणजे एमएसचा (साध्या लोखंडाचा, माइल्ड स्टील) २५×२५ मिमी चौकोनी पाइप, जाडी १.६ मिमी, आणि थोडा ४०×४०×५ चा अँगल (एल आकाराची पट्टी). वेल्डिंगचं छोटं इन्व्हर्टर मशीन आहे, हातही बसलाय. अडतं ते कापण्यावर. सध्या चार इंची ग्राइंडर वापरतो. ठिणग्या शेजारच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊ नयेत म्हणून पत्रा आडवा लावतो. आवाजाबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर माझं नाव न घेता बरंच काही लिहून येतं; चौदा इंची चॉपसॉ आणला तर नाव घेऊन येईल.

म्हणून पोर्टेबल बँडसॉ डोक्यात आहे, म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखं फिरणाऱ्या पात्याची, हातात धरायची करवत. मावसभाऊ डिसेंबरात न्यू जर्सीहून येतोय, "तिकडून आणतो" म्हणाला. वायरचा सांगू की बॅटरीचा? पात्यांवर १४, १८, २४ असे आकडे असतात, माझ्या मालाला कुठलं? काटकोनात कापतो का? "फॅब्रिकेटरकडून कापून घ्या" हा सल्ला कृपया नको, तो घरातून मिळालेला आहे.

फिटरकाका:
मशीनचं नंतर बघू, आधी पातं. तो आकडा म्हणजे एका इंचात किती दात. कापताना धातूच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात असावेत, नाहीतर दात अडकतो आणि तुटतो. एक तुटला की मागचे रांगेने जातात. आता गोम अशी की तुमच्या १.६ मिमीच्या भिंतीत २४ दाती पात्याचासुद्धा जेमतेम दीड दात बसतो. तेव्हा पाइप सपाट न ठेवता कोपऱ्यावर उभा करा, शंकरपाळ्यासारखा. पातं भिंतीतून तिरकं जातं, जाडी सव्वादोन मिमी होते, दोन दात तरी लागतात. व्हाइसमध्ये अँगलचा तुकडा व्हीसारखा धरला की पाइप त्यात छान बसतो. उरलेली कसर हलक्या हाताने भरून काढायची.

अँगल पालथा ठेवा, पाठीचा कोपरा वर. पाच मिमीचे सात होतात, १८ दाती पातं आरामात कापतं. १४ दाती भरीव गजाला ठेवा. पातं बायमेटलच (दोन धातूंचं, दात जास्त कडक) घ्या, साध्या कार्बन स्टीलचं लवकर बोथट होतं.

आणि एक, मशीनची पुढची आडपट्टी कापायच्या मालाला टेकलेली हवीच. पातं मालाला त्या पट्टीकडे ओढतं. मध्ये फट राहिली की मशीन असा हिसका देतं की मनगट दुखावतं. आधी मोटर चालू, मग पातं अलगद टेकवा. मशीनचं स्वतःचं वजन पुरतं, वरून दाबू नका. वाकडं कापलं जातं ते बहुतेक दाबल्यामुळेच, नाहीतर पातं एका बाजूने बोथट झाल्याने किंवा गाइडचे बेअरिंग ढिले झाल्याने. पाइपावर खूण चारही बाजूंनी आखा आणि पात्याच्या रेषेत नजर ठेवा. हातात धरून थोडाफार फरक पडणारच, वेल्डमध्ये भरून निघतो. अगदी काटकोन हवा तर स्टँडवर बसवा.

तेल, कूलंट लावू नका. चाकांवर रबराचे टायर असतात, तेल लागलं की पातं घसरतं. हवंच तर पात्याला थोडं मेण.

एडिसनकर:
वायरचा आणू नका. इकडची, म्हणजे अमेरिकेतली मशिनं १२० व्होल्टची, तिकडे भारतात थेट लावलं की धूर. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर निदान १५०० व्हीएचा लागेल, आणि ते धूड गच्चीवर रोज कोण चढवणार? बॅटरीचं मशीन कुठेही चालतं, फक्त इथला चार्जर बहुधा १२० व्होल्टचाच असतो. त्याच कंपनीचा चार्जर पुण्यात मिळतो का, ते आधी बघा.

विमानाचं: मशीन चेक-इनमध्ये, सुट्या बॅटऱ्या मात्र केबिन बॅगेतच. १८ व्होल्ट ५ एएच म्हणजे ९० वॅट-अवर, अडचण नाही. ६ एएच १०८ होते, १०० च्या वर एअरलाइनची परवानगी लागते.

भावाला पात्याची लांबीही विचारा. मोठ्या मशीनला बहुधा ११४० मिमीचं पातं लागतं, ते बऱ्याच कंपन्यांचं एकच. छोट्यांची कंपनीगणिक वेगळी.

रानजाई:
छोट्या मशीनमध्ये साधारण अडीच इंच रुंदीपर्यंतचा माल बसतो. तुमचा अँगल पालथा ठेवला तर रुंदी ५६ मिमी, म्हणजे बसेल. पाती बोहरी आळीत विचारा, मुंबईला जाणं झालं तर नागदेवी स्ट्रीट.

चुऱ्याचं कुणी बोललं नाही. ठिणग्या नसल्या तरी बारीक टोकदार कीस सगळीकडे उडतो. गच्चीच्या टाइल्सवर राहिला आणि पाऊस पडला की तांबडे डाग, ते निघता निघत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून फिरवायचा, मग पिशवी उलटी करायची. अनवाणी फिरू नका, डोळ्यांना गॉगल. ढगळ हातमोजे मात्र नकोत, पात्यात गुंततात.

गच्चीवाला:
काका, शंकरपाळ्याचं लगेच कळलं. बॅटरीचंच सांगतो भावाला. दोन शंका राहिल्या. घरात जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप पडून आहे, तो चालेल? आणि बांधकामातून उरलेली १२ मिमीची टीएमटी सळई?

फिटरकाका:
जीआय बँडसॉने कापताना फारसा तापत नाही, त्यामुळे जस्ताचा धूर नाही. वेल्ड करताना मात्र सांध्यापासून इंचभर जस्त घासून काढा आणि धूर तोंडावर येणार नाही असे उभे राहा. टीएमटीची बाहेरची साल आतल्यापेक्षा कडक असते, शिवाय रेघांवर पातं उड्या मारतं. स्पीड कमी ठेवून सुरुवात करा. त्यासाठी नवं पातं वाया घालवू नका, अर्धं झिजलेलं लावा.