शार्प: सैन्य अपुरं, पण मालिका तोकडी नाही

बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या कादंबऱ्यांवरची 'शार्प' ही ब्रिटिश टीव्ही मालिका नेपोलियनच्या काळातल्या शार्प नावाच्या इंग्रज सैनिकाची. तिच्यातल्या लढाया म्हणजे पन्नास माणसं आणि भरपूर धूर, ही तक्रार खरीच आहे. स्पेनमधल्या तालावेराच्या लढाईत दोन्ही बाजू मिळून लाखभर सैनिक होते. पडद्यावर एखाद्या लग्नाच्या वरातीएवढे दिसतात. पण म्हणून मालिका फसली असं मला नाही वाटत. 'शार्प्स ईगल' या भागात शार्प नवख्या शिपायांना मिनिटाला तीन बार काढायला शिकवतो, तो प्रसंग आठवा. काडतूस दातानं फाडायचं, दारू ओतायची, गजानं ठासायची, की पुन्हा पहिल्यापासून. कादंबरीत हे वाचताना नीट डोळ्यांसमोर येत नाही, इथे एका नजरेत कळतं. त्याला फौज लागत नाही.

शार्प झालेल्या शॉन बीनचं म्हणाल तर कादंबरीतला शार्प काळ्या केसांचा, लंडनचा. बीन सोनेरी केसांचा, शेफील्डचा. तरी कॉर्नवेल पुढची पुस्तकं लिहिताना त्याचाच आवाज मनात धरून लिहू लागले. असं भाग्य किती नटांच्या वाट्याला येतं!

माझं खरं भांडण २००६च्या, भारतात घडणाऱ्या 'शार्प्स चॅलेंज' या भागाशी. मूळ कादंबऱ्यांत १८०३ची असईची लढाई आहे, गाविलगडचा वेढा आहे. मालिकेनं ते सगळं उचलून १८१७मध्ये नेलं आणि गाविलगडाच्या जागी एक काल्पनिक किल्ला उभा केला. चित्रीकरण राजस्थानात, त्यामुळे सातपुड्याच्या कड्यांऐवजी वाळू. बाकी टोबी स्टीफन्सनं रंगवलेला खलनायक डॉड मात्र झकास!