'धर्मस्थापना' की 'राजमान्यता'? : एक शब्दचर्चा

प्रश्न : अमेरिकेतील न्यायालयीन निकालांवरील लेखाचा अनुवाद करीत आहे. तेथील राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतील (१७९१) आरंभीचा भाग मी 'काँग्रेस (म्हणजे तेथील संसद) धर्मस्थापनेविषयी कोणताही कायदा करणार नाही' असा लिहिला, तर संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून तो परत पाठवला. 'एस्टॅब्लिशमेंट'ला येथे दुसरा कोणता शब्द योजावा? आणि 'चर्च व स्टेट यांचे सेपरेशन' याला 'धर्म आणि राज्य यांची फारकत' म्हणता येईल काय?

उत्तर : संपादकांची शंका रास्त आहे. 'धर्मस्थापना' म्हटले की मराठी वाचकाच्या कानात गीतेतील 'धर्मसंस्थापनार्थाय' घुमू लागते आणि अमेरिकी काँग्रेसला नवा धर्म काढण्यास मनाई केली आहे की काय, असा त्याचा समज होतो. मुद्दा वेगळा आहे. इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चला जे स्थान आहे, म्हणजे राजा त्याचा प्रमुख आणि त्याच्या काही बिशपांना उमरावांच्या सभागृहात जागा, तशा स्थानाला 'एस्टॅब्लिशमेंट' हा शब्द लागतो. मी 'एखाद्या धर्माला राजमान्यता देणारा कायदा' असे लिहीन. 'राजधर्म' मात्र कटाक्षाने टाळावा, कारण मराठीत तो राजाचे कर्तव्य सांगतो, राजाचा पंथ नव्हे.

'चर्च' तसेच ठेवल्यास डोळ्यांपुढे घंटा असलेली इमारत येते आणि 'धर्म' केल्यास अर्थ फार पसरतो, म्हणून 'धर्मसंस्था आणि राज्यसंस्था' ही जोडी बरी. 'फारकत' मला चालेल. 'फारखत' हे त्याचे जुने रूप असून त्याचा अर्थ देणे फिटल्याचे किंवा हक्क सोडल्याचे लेखी पत्र असा होता, म्हणजे आधी संबंध असल्याशिवाय फारकत होत नाही. अमेरिकेत तो होताच. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी १ जानेवारी १८०२ रोजी डॅनबरीच्या बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात या दोहोंमधल्या भिंतीची उपमा वापरली, तेव्हा ते बाप्टिस्ट ज्या कनेक्टिकटमध्ये राहत होते तेथे काँग्रिगेशनल चर्च हा दुसराच पंथ राजमान्य होता आणि तो १८१८पर्यंत तसाच राहिला. मॅसॅच्युसेट्समध्ये तर फारकतीला १८३३ साल उजाडले.

दुसरे मत : 'राजमान्यता' ऐकताच मला जुन्या पत्रांतील 'रा. रा.' (राजमान्य राजश्री) आठवते आणि जेथे राजाच नाही तेथे तो शब्द विनोदी वाटतो. 'अधिकृत धर्म' अधिक सरळ आहे. पण माझी खरी हरकत 'सार्वजनिक जागा' या शब्दाला आहे, आणि अनुवादात तो येणारच. ज्या भाषेत सार्वजनिक गणेशोत्सव रूढ आहे, तेथे सार्वजनिक जागेवर धर्मचिन्ह असण्यात वाद कसला, हेच वाचकाला उमगत नाही. आपल्याकडे 'सार्वजनिक' म्हणजे सर्वांनी मिळून केलेले. अमेरिकी खटल्यांत प्रश्न मालकीचा असतो.

मेरिलँडमधील ब्लेडन्सबर्गचा क्रूस घ्या. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या ४९ जणांच्या स्मरणार्थ उभारलेला हा सुमारे ४० फुटी क्रूस १९२५ साली पूर्ण झाला. रहदारीच्या रस्त्यांमधली ती जागा १९६१मध्ये एका सरकारी आयोगाकडे आली आणि देखभालही त्याच्याकडेच गेली. क्रूस होता तसाच राहिला, केवळ मालक बदलला, आणि एवढ्यानेच तो पुढे घटनात्मक वादाचा विषय होऊ शकला. म्हणून 'सरकारी मालकीची जागा' असेच लिहावे, मग वाक्य लांबले तरी चालेल.

पहिल्या उत्तरदात्याकडून : 'सरकारी मालकीची' मान्य. 'अधिकृत'बद्दल मात्र थोडा संकोच आहे, कारण येथे 'अनधिकृत धार्मिक बांधकाम' हा महापालिकेच्या नोटिशीतला शब्द झाला आहे. त्यातील प्रश्न परवानगीचा असतो, धर्माच्या दर्जाचा नव्हे. शेजारी 'अधिकृत धर्म' आला की परवाना मिळालेला धर्म असे वाटते.

ब्लेडन्सबर्गचा क्रूस तसाच राहू देणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (२० जून २०१९, सात विरुद्ध दोन) अनुवादताना 'स्मारक' आणि 'धर्मचिन्ह' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, कारण सगळा वाद त्या दोहोंच्या मधल्या जागेत आहे. न्यायमूर्ती अलिटो यांच्या निकालपत्रानुसार क्रूस ख्रिस्ती चिन्हच आहे, परंतु काळाच्या ओघात त्याला इतरही अर्थ चिकटले. भिन्नमत देणाऱ्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांना हे पटले नाही. त्यांच्या मते क्रूस हे ख्रिस्ती धर्माचे प्रमुख चिन्ह असल्याने युद्धस्मारक झाल्याने त्याचे धर्मचिन्हपण पुसले जात नाही. 'क्रूसस्मारक' असा समास केलात तर अनुवादकानेच निकाल दिल्यासारखे होईल.

प्रश्नकर्त्याकडून : आभारी आहे. आता वाक्य असे केले आहे : 'कोणत्याही धर्मसंस्थेला राजमान्यता देणारा कायदा काँग्रेस करणार नाही.'

पहिल्या उत्तरदात्याकडून : 'देणारा'ऐवजी 'देण्यासंबंधीचा' करावे. मूळ शब्द 'रिस्पेक्टिंग' आहे आणि तो केवळ देण्यापुरता नाही; ज्या राज्यांत तशी मान्यता तेव्हा अस्तित्वात होती, तेथील व्यवस्थेत काँग्रेसने हात घालू नये, हाही अर्थ त्यात सामावतो असे अनेक अभ्यासक मानतात.