जत्रेतल्या पाळण्यांवरून बल आणि गती: 9वीच्या मुलांकडून नेमकं काय मोजून घ्यावं?

विज्ञानताई
9वीचा ‘गतीचे नियम’ हा धडा चालू आहे. गावची जत्रा पुढच्या आठवड्यात भरतेय आणि 42 मुलांना एक सकाळभर तिथे नेता येईल. आकाशपाळणा, कोलंबस (झुलणारी बोट), साखळ्यांना खुर्च्या टांगलेला गोल पाळणा, डॅशिंग कार आणि मौत का कुआं (विहिरीसारख्या उभ्या भिंतीवर फिरणाऱ्या गाड्या) एवढं येणार आहे. ‘पाळण्यात बसा आणि जडत्व अनुभवा’ असं नुसतं सांगून मुलं मजा करून परत येतात, वहीत काहीच उतरत नाही. शिवाय सगळ्यांकडे तिकिटाचे पैसे नसतात. कमी साहित्यात, शक्यतो जमिनीवरून, काय काय मोजता येईल? मुलं हमखास कुठे चुकतात तेही सांगा.

लंबक
ताई, बसण्यापेक्षा बाहेर उभं राहून मोजलेलं जास्त उपयोगी पडतं. पाळण्यात बसलेल्याला आपल्यावर बाहेरच्या बाजूला बल लागतंय असंच वाटतं, आणि तीच समजूत आपल्याला काढायची असते. पाच-सहा जण बसतील, बाकीचे मोजतील.

सुरुवात आकाशपाळण्यापासून करा. लागतं फक्त स्टॉपवॉच आणि पाळण्याची त्रिज्या. त्रिज्या पाळणेवाल्याला विचारा, त्याला माहीत असते. नाहीतर मोजपट्टीने पायथ्यापासून 20 मीटरवर जा आणि कोनमापक, दोरा व नट यांनी टोकाचा कोन घ्या. डोळ्याची उंची मिळवायला मुलं विसरतात, आणि मिळणारी उंची टोकाची असते, त्रिज्या नव्हे. तिच्यातून आसाची उंची वजा करावी लागते.

वेळ घेताना माणसं चढवण्या-उतरवण्याचा टप्पा सोडून द्या. पाळणा सलग फिरायला लागला की एका रंगाची पेटी धरून 5 फेऱ्यांची वेळ घ्या आणि 5 ने भागा. एकाच फेरीची वेळ घेतली तर बोटाची 0.2 सेकंदांची चूक 10 सेकंदांत 2 टक्के होते आणि वर्ग केल्यावर 4 टक्के. पाच फेऱ्या घेतल्या की ती 1 टक्क्याच्या आत येते.

केंद्राकडचं त्वरण = 4π² × त्रिज्या ÷ (एका फेरीची वेळ)². आता π² म्हणजे जवळजवळ 10, म्हणून त्वरण = 40 × त्रिज्या ÷ (एका फेरीची वेळ)². त्रिज्या 8 मीटर आणि फेरी 10 सेकंदांची असेल तर 3.2 मी/से², गुरुत्वत्वरणाच्या (9.8) सुमारे एक तृतीयांश. म्हणजे 45 किलोच्या मुलाला बाक खालच्या बिंदूला सुमारे 60 किलोइतका रेटा देतो आणि वरच्या बिंदूला 30 किलोइतकाच. हे आकडे मुलांकडून बसण्याआधी काढून घ्या. मग बसलेल्यांना विचारा, हलकं कुठे वाटलं? बरीच मुलं ‘खाली येताना’ म्हणतात, कारण त्यांनी वेगाचा आणि त्वरणाचा घोळ केलेला असतो. फेरीची वेळ दुप्पट केली तर फरक चौपट कमी होतो. मोठ्या मनोरंजन उद्यानातला संथ पाळणा म्हणूनच मिळमिळीत वाटतो.

(1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस यांनी उभारलेला पहिला मोठा पाळणा सुमारे 80 मीटर उंच होता, एकेका डब्यात 60 माणसं. एवढ्या चाकाला जत्रेतल्या गतीने फिरवलं असतं तर काय झालं असतं, हे गणित हुशार मुलांना घरी द्यायला छान आहे.)

कोलंबसमध्ये लंबक आहे. लंबकाच्या सूत्रात 2π भागिले √9.8 हे जवळपास 2 येतं, म्हणून आवर्तनकाळ = 2 × √लांबी. आस ते बोट 9 मीटर असेल तर 6 सेकंद. प्रत्यक्षात थोडा जास्त येतो, कारण सूत्र लहान झोक्यापुरतं आहे. 60 अंशांच्या झोक्याला सुमारे 7 टक्के जास्त वेळ लागतो. शिवाय बोटीखालचा मोटरचा टायर वर उचलला जाऊन तिला रेटत असतो, तेव्हा टायर खाली गेल्यावरचे झोके मोजा. उत्तर थोडं चुकलं की मुलांना वाटतं प्रयोग फसला. चुकण्याची ही दोन कारणं त्यांच्याचकडून काढून घ्या.

शेवटच्या बाकावर पोटात गोळा का येतो, हा प्रश्न मात्र सोडू नका. बोट 60 अंशांवर क्षणभर थांबते तेव्हा मधल्या बाकावर आभासी वजन (बाकाच्या रेट्यावरून जाणवणारं) निम्मं होतं. त्यापासून 25 अंश पुढचा बाक 85 अंशांवर असतो, तिथे बाकाचा रेटा जवळजवळ उरतच नाही. आणि टोकाला वेग शून्य असतो, त्वरण शून्य नसतं. परीक्षेत हाच गुण जातो.

घिरट्या
साखळीच्या पाळण्यावर माझं वजन पडेल (शब्दशः). मुलांना आधी लिहायला लावा, ‘जाड मुलाची खुर्ची बाहेर कमी जाईल की जास्त?’ वर्ग दोन तट पाडून भांडतो. उत्तर: सारखीच. कोनाचा टॅन = त्वरण ÷ 9.8, वस्तुमान दोन्हीकडून कटतं. रिकामी खुर्चीही जवळजवळ त्याच कोनात असते. फक्त साखळीचं वजन खुर्चीच्या मानाने जास्त पडतं आणि हवेचा अडथळा जाणवतो, म्हणून ती किंचित कमी वर उठते आणि थोडी मागे रेंगाळते.

कोन फोटोवरून मोजा. लांबून, पाळण्याच्या समोर, खुर्च्यांच्या उंचीच्या आसपास मोबाइल धरा आणि दृश्याच्या अगदी डाव्या किंवा उजव्या कडेला आलेली खुर्ची घ्या. समोर आलेल्या खुर्चीचा झुकाव आपल्या दिशेला असतो, त्यामुळे फोटोत ती उभीच दिसते. निम्म्या गटांचं इथेच बिघडतं.

दुसरी चूक त्रिज्येत. मुलं लोखंडी हाताची लांबी धरतात. हात 4 मीटर, साखळी 3.5 मीटर आणि फेरी 6 सेकंदांची असेल, तर खुर्ची बाहेर गेल्यावर खरी त्रिज्या सुमारे 6 मीटर होते. 4 धरली तर कोन 24 अंश येतो, 6 धरली तर 34. फोटो 34 दाखवत असतो आणि मुलं फोटोलाच चूक ठरवतात. आधी फोटोतला कोन घ्यायचा, त्यावरून त्रिज्या, मग पडताळा.

बसणाऱ्यांसाठी बलमापी: सुईशिवायची 60 मिलीची पारदर्शक सिरिंज, दट्ट्या काढलेला. पातळ रबरबँड कापून त्याचं एक टोक वरच्या तोंडाशी पक्कं बांधा. टांगलेला रबर मोकळा असताना खूण 0, एक नट लावून 1, तसेच दोन लावून 2, तीन लावून 3. मग एकच नट ठेवून बूच लावा. आकाशपाळण्याच्या तळाशी नट 1 आणि 2 च्या मध्ये जाईल, कोलंबसच्या तळाशी 2 च्या आसपास. रबर सारखं ताणलं जात नाही, म्हणून खुणांमधलं अंतर मोजपट्टीने भागू नका, आणि उन्हात तासभर राहिलं की खुणा नव्याने करा. मनगटाला दोरीने बांधूनच बसायचं.

विज्ञानताई
छान! सिरिंज सहज मिळेल. अपकेंद्री बलाचं काय करू? मुलं शिकवणीतून तो शब्द शिकून येतात आणि आकृतीत बाहेरच्या दिशेला बाण काढतात. मौत का कुआं आणि डॅशिंग कारवर कुणी सांगेल का?

घिरट्या
जमिनीवरून पाहणाऱ्याच्या आकृतीत तो बाण नकोच. ‘हे बल कोण लावतंय?’ एवढंच विचारा. साखळी आत ओढते, पृथ्वी खाली. बाहेर कोण ओढतं याचं नाव सांगता आलं नाही तर बाण खोडायचा. आणि जाण्याआधी वर्गात कागदी ताट घ्या, त्याचा पाव भाग कापून टाका आणि काठाने गोटी फिरवा. कापलेल्या जागी गोटी बाहेर फेकली जात नाही, स्पर्शिकेने सरळ निघून जाते.

कारखाना_बावळट
मौत का कुआं: भिंतीचा रेटा आडवा, केंद्राकडे असतो, म्हणून घर्षण वरच्या दिशेला लागतं आणि वजन तोलतं. त्रिज्या 4 मीटर, टायर व फळीचा घर्षणांक 0.8 धरला तर किमान वेग √(4 × 9.8 ÷ 0.8) = 7 मी/से, म्हणजे ताशी 25 किमी. फेरी 25 मीटरची, म्हणजे 3.6 सेकंदांची. वस्तुमान इथेही कटतं, म्हणून गाडी आणि मोटारसायकल दोन्ही चढतात. सुरुवातीला स्वार तळाच्या तिरप्या फळ्यांवर वेग घेतो, कारण शून्य वेगाने उभी भिंत चढताच येत नाही.

मुलांनी वरच्या कठड्यावरून फेऱ्या मोजायच्या, कठड्यावर रेलायचं मात्र नाही. फळ्या गाडीच्या धक्क्याने थरथरतात.

डॅशिंग कारसाठी एकच गोष्ट: ‘मोठ्या माणसाने लहान मुलाला जास्त जोरात मारलं’ ही समजूत. दोन्ही गाड्यांवर बल सारखंच, त्वरण मात्र कमी वस्तुमानाच्या गाडीचं जास्त. बाजूच्या रबराच्या पट्ट्याने धडकेची वेळ वाढते आणि बल कमी होतं. हेल्मेटचा मुद्दा इथूनच निघतो.

लंबक
वर एक दुरुस्ती. त्रिज्या टायरची नाही, स्वार आणि गाडी मिळून गुरुत्वमध्याची घ्यायला हवी. तो भिंतीपासून सुमारे 60 सेंमी आत असतो, म्हणजे 3.4 मीटर. मग सर्वाधिक फेरीवेळ 3.6 नव्हे, 3.3 सेकंद येते, आणि टायरचा वेग ताशी 27 किमीच्या आसपास. 9वीला पहिलं उत्तर चालेल, पण स्टॉपवॉचमध्ये 3.6 पेक्षा जास्त आलं तर मोजणी तरी चुकली आहे, नाहीतर धरलेली त्रिज्या किंवा घर्षणांक.

कारखाना_बावळट
मान्य.

विज्ञानताई
10वीची सहल मनोरंजन उद्यानात जाणार आहे, तिथे रोलर कोस्टरचा उभा वळसा दिसेल. तो नेमका गोल का नसतो?

लंबक
गोल वळशात वरच्या बिंदूला जेमतेम पार व्हायचं असलं तरी तळाशी माणसावर 6 पट वजनाइतका रेटा येतो. म्हणून वर त्रिज्या लहान आणि खाली मोठी, असा थेंबासारखा आकार देतात. 1976 साली अमेरिकेत मॅजिक माउंटन उद्यानातला ‘रिव्होल्यूशन’ हा असा पहिला आधुनिक वळसा. मुलांना टेकडीची उंची आणि पायथ्याचा वेग यांचा मेळ घालायला लावा: 20 मीटर उतरलं की घर्षण सोडून ताशी 71 किमी, माणूस कितीही जड असो.

आणि जत्रेला सकाळी 10 च्या आधी जा. संध्याकाळी गर्दीत पाळणेवाला फेऱ्या कमी-जास्त करतो आणि पाच सलग फेऱ्या मिळतच नाहीत.