अणूभर जाडीचं चुंबक आणि १९,००० टक्क्यांचं गाजर

गाउसमास्तर: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘चार थरांच्या क्रोमियम ट्रायआयोडाइडमध्ये टीएमआर १९,००० टक्के मिळतो, जुने चुंबकी सेन्सर मोडीत काढा.’ टीएमआर म्हणजे चुंबकी क्षेत्र बदललं की पातळ अडथळ्यापार जाणाऱ्या करंटचा रोध किती टक्के बदलतो ते. अहो, टक्क्यांवर संवेदनशीलता ठरत नाही. तो २०१८चा आकडा अतिथंड तापमानाचा, आणि रोध पूर्ण पडायला जवळपास दोन टेस्ला लागतात. पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र ५० मायक्रोटेस्लाच्या घरात. शून्य क्षेत्राजवळ थरांची चुंबकनं एकमेकांविरुद्ध घट्ट बसलेली, रोधाचा आलेख सपाट. सेन्सरला शून्यापाशी उतार हवा. लांबची उंच पायरी काय चाटायची?

पापुद्रा: मुद्दाम सोपी शिकार निवडलीत. ट्रायआयोडाइडचा एक थर ४५ केल्विनवर चुंबक उरत नाही आणि हवेत टिकत नाही, हे कुणाला माहीत नाही? लोह-गॅलियम-टेल्युराइड ३५० केल्विनपर्यंत चुंबक राहतं; मध्ये अडथळा म्हणून टंगस्टन डायसेलेनाइड घालून खोलीच्या तापमानाला ८५ टक्के टीएमआर मिळालाय. ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत) ऑक्सिजन आणि बाष्प १ पीपीएमखाली ठेवा, पॉलिमरच्या स्टॅम्पने आधी बोरॉन नायट्राइड उचला, मग त्यानेच बाकीचे थर एकेक. चुंबकाला पॉलिमर शिवतच नाही. इतकं स्वच्छ संधिपृष्ठ स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने अणू उडवून थर चढवण्याने) आणून दाखवा.

गाउसमास्तर: ८५! मॅग्नेशियम ऑक्साइडच्या अडथळ्यावर २००८ सालीच ६०४ टक्के झालेत, तेही खोलीच्या तापमानाला. तुमच्या टेल्युराइडचं चुंबकन थराला काटकोनात, अ‍ॅनिसॉट्रॉपी राक्षसी, म्हणजे ते त्या दिशेवरून हलायला तयार नसतं. आडवं क्षेत्र लावलंत तर प्रतिसाद सरळ येईल, पण उतार नावापुरता. त्यात तुमचा सोललेला तुकडा १० मायक्रॉनचा. १/एफ नॉइजची (वारंवारता कमी तितका वाढणाऱ्या गोंगाटाची) पॉवर क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असते. क्षेत्रफळ शंभरपट केलं तर व्होल्टेजमधला नॉइज एकदशांश. जंक्शनच्या (चुंबक-अडथळा-चुंबक अशा सँडविचच्या) लांबलचक माळा उगाच जोडत नाहीत.

लॉकइनभक्त: १/एफचा एवढा बाऊ कशाला? ब्रिजला (सेन्सरच्या चार रोधांच्या जोडणीला) १० किलोहर्ट्झ एसी द्या, लॉक-इनने (फक्त त्याच वारंवारतेचा सिग्नल उचलणाऱ्या यंत्राने) वाचा, विषय संपला.

गाउसमास्तर: नाही संपत! दर धाग्यावर हीच पोपटपंची. नॉइज रोधातच आहे. एसी दिलं की तो कॅरिअरच्या (त्या १० किलोहर्ट्झच्या) दोन्ही अंगांना चिकटतो आणि डिमॉड्युलेट केल्यावर (कॅरिअर काढून सिग्नल परत घेतल्यावर) जसाच्या तसा खाली येतो. जातो फक्त अ‍ॅम्प्लिफायरचा.

लॉकइनभक्त: मग काय, हात जोडून बसायचं?

तिसरा_कोपरा: करंट नव्हे, क्षेत्र हलवायचं. फ्लक्स कॉन्सन्ट्रेटर (क्षेत्र सेन्सरवर एकवटणारा चुंबकी तुकडा) कंपित केला की सिग्नल किलोहर्ट्झवर चढतो, रोधाचा नॉइज खालीच राहतो. शंका असेल तर सेन्सर चुंबकी शिल्डमध्ये ठेवून डीसी बायस दुप्पट करा. नॉइज दुप्पट झाला तर रोधाचा. जागचा हलला नाही तर जॉन्सन (निव्वळ उष्णतेचा नॉइज) किंवा अ‍ॅम्प्लिफायर. १ किलोओमला जॉन्सनच ४ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, त्याखालची स्वप्नं बघू नका.

लॉकइनभक्त: म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरपुरता तरी मी बरोबर.

गाउसमास्तर: तेवढ्यापुरते. सत्कार ठेवू.

पापुद्रा: धागा अतिपातळ चुंबकांचा होता, आठवतंय का? तुमच्या लाडक्या कोबाल्ट-लोह-बोरॉनचा मुक्त थरसुद्धा (क्षेत्राबरोबर वळणारा थर) दीड नॅनोमीटरच्या आसपास आणला की हिस्टेरेसिस (जाताना-येतानाच्या आलेखातला फरक) जातो. पातळपणाला शिव्या आणि पातळपणावरच पोट!

गाउसमास्तर: हे मात्र मान्य, नाइलाजाने. पण तेही फुकट नाही, थर पातळ झाला की टीएमआर पडतो. शिवाय ती जाडी वेफरभर सारखी येते. तुमच्या टेल्युराइडचा ±१०० मायक्रोटेस्लामधला रोधाचा आलेख टाका, जाताना आणि येताना दोन्ही. टक्के नकोत.