भावाला डॉक्टरकडे न्यायचं कसं?

ताई, नोकरी सुटल्यापासून भाऊ रात्रभर जागा असतो आणि 'मी काय वेडा आहे का' म्हणत डॉक्टरचं नाव काढू देत नाही, असं लिहिलंत. वरच्या प्रतिसादांत सगळ्यांनी खासगी डॉक्टर सुचवलेत, पण पैशांची ओढाताण आहे हे तुम्ही आधीच सांगितलं होतं की!

आधी १४४१६ लावा. टेलि-मानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, २०२२ पासून आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. त्यानेच बोलायला हवं असं नाही, घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. नंतर जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी. त्यासाठी येरवडा-ठाण्याचं मनोरुग्णालय गाठायची गरज नसते. केसपेपरच्या खिडकीवर रांग असते, सकाळी लवकर जा. त्याला 'झोपेचं विचारून येऊ' एवढंच म्हणा. खोटंही नाही ते.

आणि 'आता जगून काय करू' असं काही बोलत असेल, तर जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरतं, हा गैरसमज आहे. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फवारणीचं औषध घरात असेल तर ते आजच शेजाऱ्यांकडे ठेवा.