जर्मनीत एमएस: आपल्याच ग्रुपात अडकून न पडता तिथल्या मुलांत मिसळायचं कसं?

रंकाळाकाठ: मदत हवी आहे. धाकटा भाऊ ऑक्टोबरच्या सत्राला जर्मनीला चाललाय. मेकॅनिकल, कोर्स इंग्रजीतून, जर्मन ए2 (म्हणजे प्राथमिक पातळी) पर्यंत. जायच्या आधीच भारतीय मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झालाय, खोलीही त्यांच्यातच बघतोय. म्हणजे दोन वर्षं जर्मनीत राहून कोल्हापूरच! स्वयंपाक येतो, चार वर्षं तालमीत जातोय. नेमकं काय करावं?

मिरजकर तिकटी: ग्रुप सोडू नका. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिची अपॉइंटमेंट, बँक, विमा यात हीच मुलं उपयोगी पडतात. खोली मात्र वेगळी बघा. तीन-चार जण मिळून राहतात त्या घराला 'वेगे' म्हणतात. जाहिरातीत 'त्स्वेक-वेगे नको' असं असेल तिथं आधी अर्ज करा. नुसतं भाडं वाटून घेणारे त्यांना नको असतात, एकत्र जेवणारं माणूस हवं असतं. एकच मजकूर वीस ठिकाणी चिकटवला की उत्तर येत नाही. जाहिरातीतलं काहीतरी पकडून पाच-सहा ओळी लिहा, जमेल तेवढ्या जर्मनमध्ये.

घरात सफाईची पाळी ठरलेली असते, रात्री 10 नंतर आवाज नाही. सगळ्यात जास्त वाजतं ते फोडणीवरून. सुकं खोबरं आणि मिरची तिथं भाजायला घेतली की खाट (ठसका लावणारा धूर) पॅसेजमध्ये जातो आणि धुराचा अलार्म कोकलायला लागतो. मसाला इथूनच भाजून, दळून न्या. तिथं मंद आच, खिडकी उघडी, पॅसेजचं दार बंद. पेढे, तूप, मटणाचं लोणचं सामानात भरू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून नेता येत नाहीत.

खासबाग: तालमीत जातोय म्हणता, मग प्रश्न निम्मा सुटला. विद्यापीठाच्या ओळखी सत्राबरोबर बदलतात, क्लबातल्या टिकतात. गावातला 'रिंगन' म्हणजे कुस्तीचा क्लब, त्यांच्या भाषेत 'फेराइन', शोधायचा आणि 'प्रोबेट्रेनिंग'ला जाऊ का म्हणून मेल टाकायचा. म्हणजे नाव नोंदवण्याआधी येऊन बघणं. फ्रीस्टाइल की ग्रीको-रोमन हे आधी विचारा. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली धरता येत नाही, पाय लावून पाडताही येत नाही, त्यामुळं एकेरी पट बाद, टांगही बाद. माती नाही, मॅट, शूज लागतात. क्लबात बहुतेक जण लगेच 'दू'वर (अरेतुरेवर) येतात, आणि बोली कानावर पडते ती पुस्तकात नसते.

रंकाळाकाठ: भारी! आणि भाषेसाठी टँडम म्हणतात ते, दोघांनी एकमेकांना आपापली भाषा शिकवायची?

मिरजकर तिकटी: विद्यापीठाच्या भाषा केंद्रात नाव द्या. मराठीला जोडीदार मिळणं अवघड, इंग्रजी किंवा हिंदी देऊ करा. आठवड्याचा एक वार ठरवून एक तास. पहिली 30 मिनिटं जर्मन, मोबाइलवर गजर लावून. नाहीतर दहाव्या मिनिटाला दोघंही इंग्रजीवर घसरतात, कारण ते सोपं पडतं. चुका मध्येच दुरुस्त करायच्या नाहीत, लिहून ठेवून शेवटी सांगायच्या.

पांढरा रस्सा: एक राहिलं. आपल्याकडं 'नको नको' म्हटलं तरी ताटात पडतंच. तिथं एकदा 'नको' म्हटलं की भांडं पुढं सरकतं, दुसऱ्यांदा कोण विचारत नाही. भूक असेल तर पहिल्याच वेळी 'हो' म्हणायचं. 'ये की कधीतरी' हे आमंत्रण धरत नाहीत. वार, वेळ सांगा. आणि मान डोलावू नका, तोंडानं 'या' (जर्मनमध्ये 'हो') म्हणा. आपलं डोलावणं त्यांना 'नाही' वाटतं, मग प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये घोळ होतो.